प्रार्थनेचा विषय

लाँड्रीत तिला डागवाली मावशी म्हणायचे आणि चर्चमध्ये प्रार्थनावाली मावशी. दोन्ही नावं तिनं स्वतः कमावलेली होती, कुणी फुकट चिकटवलेली नव्हती. त्यातलं एक शेवटपर्यंत टिकलं. दुसरं कसं गेलं, त्याचीच ही गोष्ट.

आधी लाँड्रीचं सांगतो. चौकाच्या कोपऱ्यावर दुकान, पुढे काउंटर, मागे धुण्याची मोठाली मशिनं, त्यामागे इस्त्रीची टेबलं. या सगळ्याच्या मधोमध, खिडकीखाली, मावशीचं टेबल. त्यावर पांढरी फरशी बसवलेली, म्हणजे डाग नीट दिसावा. शेजारी मऊ ब्रश, कडक ब्रश, चिंध्यांची टोपली आणि चिठ्ठ्या नसलेल्या बाटल्या. कुठल्या बाटलीत काय आहे ते फक्त तिला ठाऊक. आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्याकडे यायचा. खिसे उलटे करायचे, कॉलर उलगडायची, शिवण उजेडात धरायची आणि डाग ओळखायचा. शाई वेगळी, गंज वेगळा, औषध वेगळं, रक्त तर फारच वेगळं. रक्ताला गरम पाणी घातलं की डाग जन्माचा बसतो. नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची, आणि नव्या पोरी पहिल्याच दिवशी गरम पाणी घालायच्या.

जुन्या मालकांनी तिला कामावर घेताना एकच नियम सांगितला होता. डाग कसला आहे ते ओळखायचं. कुणाचा, कुठे पडला, हे विचारायचं नाही. मावशीनं तो नियम असा पाळला की विचारू नका. नवऱ्याच्या शर्टावर भलत्याच रंगाची लिपस्टिक असायची आणि कपडे न्यायला बायको यायची. मावशी गठ्ठा हातात द्यायची आणि म्हणायची, "ऊन फार आहे हो आज, सावलीसावलीनं जा." इस्त्रीवाल्या पोरी खिदळायच्या. "मावशी, अख्ख्या गावाची भानगड तुमच्या टेबलावर असते हो!" त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं, "टेबलावरच राहू दे मग."

आता हीच बाई बुधवारी संध्याकाळी काय करायची ते ऐका.

चर्चच्या बाजूच्या खोलीत बुधवारी प्रार्थनासभा भरायची. खुर्च्या गोल मांडलेल्या, वर एक गुणगुणणारी ट्यूबलाइट. पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, एकेका खुर्चीकडे बघून विचारायचे, "काही विषय?" विषय म्हणजे प्रार्थनेचा विषय. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी, कुणाचा वाया गेलेला भाऊ. सगळ्यांचे विषय गोळा झाले की एकानं ते देवापुढे मांडायचे, आणि तो एक म्हणजे बहुतेक वेळा मावशीच. काय प्रार्थना करायची! आवाज खर्जातला, शब्दांना तोटा नाही. गुडघ्यापासून सुरुवात करून ती स्वर्गाच्या दारापर्यंत जायची आणि तिथून परत त्याच गुडघ्यावर यायची. बायका डोळे पुसायच्या. म्हातारे पाळक म्हणायचे, "मावशींनी तोंड उघडलं की आभाळ दोन हात खाली येतं."

आणि मावशीला ते आवडायचं. उगाच झाकपाक कशाला करायची? दिवसभर ब्रश घासता घासता ती बुधवारची वाक्यं मनात जुळवायची. देवाशी बोलताना आजूबाजूची माणसं विसरायला होतं, असं ती सगळ्यांना सांगायची. विसरायला काही होत नव्हतं. कोण हुंदका देतंय, कोण नुसतंच नाक ओढतंय, सगळं तिला बंद डोळ्यांनी कळायचं.

नवरा लवकर गेला होता. एकच लेक. डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला, स्वभावानं अबोल, आईच्या अगदी उलट. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पोराशी तिचं लग्न ठरलं होतं. पोरगा सज्जन, त्याची आई कडक. सगळं जुळून आलं होतं, आणि अशातच लेकीच्या पोटात सारखं दुखायला लागलं म्हणून तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मूल होणार नाही.

मंगळवारी स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता, लेकीनं आईला हे सांगितलं. रडली नाही. नुसतं एकच ताट पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

"मी त्याला स्वतः सांगणार आहे आई. रविवारी, निवांत. तोवर कुणापाशी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू गं?" मावशी म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी बुधवार. विषय गोळा झाले, मावशीनं डोळे मिटले. आधी दुसऱ्यांचे गुडघे झाले, नोकऱ्या झाल्या. मग आतून हुंदका वर आला. आदल्या दिवसापासून तिनं तो दाबून धरला होता. आणि असा हुंदका आला की डोळे मिटून बसलेल्या माणसाला खोली रिकामी वाटते. आपण माणसांना सांगतच नाही, देवाला सांगतोय, असं वाटतं. प्रार्थना करणाऱ्या माणसाच्याच हातून होणारी चूक आहे ही, दुसऱ्याच्या हातून व्हायची नाही. मावशी भरल्या आवाजात म्हणाली, "प्रभू, डॉक्टरांनी नाही म्हटलं असेल, तू नाही म्हणू नकोस. माझ्या लेकीची कूस वाळू देऊ नकोस. तिच्या पोटचं फळ मला पाहू दे." आणखीही पुष्कळ म्हणाली. शब्द असे येत होते की थांबवावेसे वाटेनात. शेवटी आमेन म्हणाली.

तिच्या आमेनला आमेन आलं नाही.

तिनं डोळे उघडले. समोरच्या खुर्चीत ऑर्गनवाल्याची आई बसली होती. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

लेकीला हे कुणी सांगावं? गुरुवारी सकाळी बसस्टॉपवर चर्चमधल्या बायकांनी तिला गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाल्या, "आम्ही सगळ्या तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं." रविवार उजाडायच्या आत लग्न मोडलं. ऑर्गनवाल्याला काय वाटलं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याला त्याच्या आईनं लेकीच्या दारापर्यंत येऊ दिलं नाही आणि येता यावं म्हणून तोही फारसा झगडला नाही. लेकीनं दुसऱ्या शहरात नोकरी शोधली. निघाली त्या दिवशी बॅग दाराशी ठेवून ती आईकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं.

"मी तुझं गिऱ्हाईक असते ना आई," ती म्हणाली, "तर बरं झालं असतं."



सुरुवातीला तिला आपली चूक कळलीच नव्हती, हेही सांगायला हवं. ती दर बुधवारी लेकीसाठी प्रार्थना करत राहिली. रागावून गेलेली लेक परत येऊ दे, तिचं मन वळू दे, ती प्रभूपासून तुटू नये. तेही मोठ्यानं, सगळ्यांदेखत, आणि पहिल्यापेक्षा सरस. मग कुणीतरी भलं माणूस लेकीला फोन करून म्हणालं असेल, तुझी आई तुझ्यासाठी किती रडते! लेकीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मनातल्या मनात सांगितलेलं देवाला ऐकू येत नाही का गं आई?"

फोन कट.

पुढच्या बुधवारी पाळक म्हणाले, "मावशी, तुम्ही करा." मावशीनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. खुर्च्या करकरल्या. कुणी खोकलं. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी प्रार्थना आटोपली. त्यानंतर मावशीनं चारचौघांत प्रार्थना केली नाही ती नाहीच.

सभेला मात्र यायची. एक बुधवार चुकवला नाही. येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायची, विषय विचारला की "काही नाही" म्हणायची, मान खाली घालून ऐकायची आणि घरी जायची. आधी लोकांना कीव आली, मग कंटाळा आला, मग सवय झाली. बायका म्हणायच्या, "थंडावली हो मावशी. पूर्वी काय आग होती!" पुढे नवी माणसं आली. त्यांना पूर्वीची मावशी माहीतच नव्हती.

आत काय चाललं होतं म्हणाल, तर सांगण्यासारखं फार काही नव्हतं. लाँड्रीच्या टेबलाशी, ब्रश फिरवता फिरवता, ती देवाशी बोलायचा प्रयत्न करायची. तेव्हा तिला कळलं की आपल्या प्रार्थनेतला बराचसा भाग दुसऱ्यांच्या कानांसाठी होता. ते कान काढून टाकल्यावर जे उरलं ते मूठभरच होतं. त्या मूठभरावर तिनं वर्षानुवर्षं काढली. कधी नुसतं लेकीचं नाव मनात घ्यायची आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून गप्प बसायची. कुणी सांगतं तशी शांती वगैरे काही तिला मिळाली नाही. देव गप्प, तीही गप्प. कित्येकदा तिला वाटायचं, आपण देवाच्या हिशेबातून गेलोच आहोत, सवयीनं येऊन बसतोय झालं.

फक्त एक झालं. तिचा ऐकण्याचा सराव वाढला. दुसरं करणार काय? इस्त्रीवाल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी स्टूल ओढून बसायला लागल्या. एकीचं घरी पटत नव्हतं, एकीला नको ते लग्न गळ्यात पडत होतं. मावशी सल्ला देत नसे, उसासेही टाकत नसे. ऐकायची. पोरी रडून-बोलून, तोंड धुऊन पुन्हा इस्त्रीला उभ्या राहायच्या. त्यात काही विशेष आहे असं मावशीला कधी वाटलं नाही.

म्हातारे पाळक गेले, तरुण पाळक आले. उमदा माणूस, मनानं चांगला, पण उत्साहाला लगाम नाही. मी वेल, तुम्ही फांद्या, असं येशू म्हणाला होता, म्हणून त्यांनी बुधवारच्या खोलीच्या भिंतीवर रंगीत कागदाची द्राक्षवेल चिकटवली. ज्यानं उभं राहून साक्ष दिली, देवानं माझ्याकडून अमुक चांगलं करून घेतलं असं सांगितलं, त्याच्या नावाचं कागदी द्राक्ष वेलीवर लागायचं. नाव मावायला हवं म्हणून द्राक्षं एवढी मोठी कापली होती की लांबून बटाटेच लटकलेत असं वाटावं. काही मंडळी साक्षीला कधी कमी पडायची नाहीत. चर्चचे खजिनदार तर दर आठवड्याला एक बटाटा लावून घ्यायचे. मावशीच्या नावाचा एकही नव्हता. नवे पाळक वेलीकडे बघायचे, मग दाराजवळच्या खुर्चीकडे बघायचे आणि मनापासून दुःखी व्हायचे.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी मावशीनं टेबलावरून मान वर केली तर काउंटरपलीकडे लेक उभी. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात एकच बॅग. इतक्या वर्षांत वाढदिवसाला आणि आजारपणात दोन-चार वाक्यांचा फोन, त्यापलीकडे काही नाही. आणि आता ही अशी समोर. मावशीला धावत जावंसं वाटलं. पण तिची नजर सवयीनं कपड्यांवर गेली. बाहीवर, कोपराच्या आतल्या बाजूला, औषधाचा पिवळट डाग होता. सुया टोचतात तिथे. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. मावशीनं डाग ओळखला. तिनं काही विचारलं नाही.

"चार दिवस राहीन म्हणते," लेक म्हणाली.

"राहा की," मावशी म्हणाली.

घरी गेल्यावर लेकीनं सांगितलं. ज्या पोटानं तिला मूल दिलं नाही त्याच पोटात आता गाठ होती, आणि ती सगळीकडे पसरली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिनं हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग आईकडे सरळ बघत म्हणाली, "चर्चमध्ये बोलायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाही नाही. मला त्या लोकांचा विषय व्हायचं नाही पुन्हा."

"नाही बोलणार."

"मागेही तू असंच म्हणाली होतीस."

खाली बघून मावशी लेकीची बॅग उघडायला लागली.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर मावशीवर काय वेळ आली ते कळायचं नाही. दोघं-तिघं जमून एका मनानं मागितलं की देव देतो, यावर या लोकांचा विश्वास असतो. मावशीचाही होता. नुसता बोलण्यापुरता नाही, हाडापर्यंत. त्याच गोल मांडलेल्या खुर्च्यांमध्ये प्रार्थना झाल्यावर उठून बसलेली माणसं तिनं डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे तिच्या दृष्टीनं औषध रस्त्यापलीकडच्या खोलीत ठेवलेलं होतं, आणि ते आणायची तिला मनाई होती. तोंड उघडावं तर लेकीचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. गप्प बसावं तर कदाचित लेकच जाते. आपली एकटीची प्रार्थना! जी मूठभर राहिली आहे, जिच्यात शब्दसुद्धा नाहीत, तिच्या भरवशावर पोरीचा जीव ठेवायचा? ब्रश फिरवताना मावशीचं लक्ष कपड्यावर राहीना. एका पांढऱ्या कोटाची बाही तिनं घासून घासून विरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून कपडा खराब झाला.  

चार दिवसांचे आठवडे झाले. लेक खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायची. आई-लेकींत बोलणं बेताचंच. पाणी देऊ का, उशी सरकवू का, उजेड डोळ्यावर येतो का. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, सुट्टीवर आली आहे. शेजारी काही आंधळे नव्हते, पण मावशीच्या चेहऱ्याकडे बघून कुणी पुढे विचारलं नाही.

मग तो बुधवार आला. त्या दुपारी डॉक्टर घरी येऊन गेले होते आणि दाराबाहेर हळू आवाजात म्हणाले होते, आता फार दिवस नाहीत. मावशी सभेला गेली नसती, पण लेकच म्हणाली, "जा. नाहीतर कुणीतरी बघायला येईल."

खुर्च्या गोल मांडलेल्या. ट्यूबलाइट तशीच गुणगुणणारी. ऑर्गनवाल्याची आई आता वाकली होती, काठी घेऊन यायची. तिनं मावशीकडे वळून विचारलं, "लेक आलीय म्हणे. बरी आहे ना?"

"आहे," मावशी म्हणाली.

पाळक एकेका खुर्चीकडे बघत येत होते. गुडघा. परीक्षा. घर विकलं जात नाही. मावशीची पाळी जवळ येत होती. नुसता ओठ उघडायचा अवकाश, ही सगळी माणसं गुडघ्यावर येतील, रडतील, मागतील. माझी पोर मरतेय हो, मागा रे कुणीतरी तिच्यासाठी! एवढंच म्हणायचं होतं. तिनं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली.

"मावशी? काही विषय?"



"काही नाही."

पाळकांना राहवलं नाही. बिचारे तळमळीनंच बोलले, त्यांना काय ठाऊक? "मावशी, राग मानू नका. इतक्या वर्षांनी तुमची मुलगी घरी आलीय. निदान आभाराचे दोन शब्द तरी? फांदी वेलीला नुसती चिकटून राहिली म्हणजे झालं असं नाही. फळ नसेल तर ती वाळलेली फांदीच की."

मावशीनं मान डोलावली. ऑर्गनवाल्याच्या आईनं शेजारणीकडे बघितलं. पाळक पुढच्या खुर्चीकडे वळले.

घरी आली तेव्हा अजून थोडा उजेड होता. लेक जागीच होती.

"विचारलं असेल कुणीतरी."

"विचारलं."

"मग?"

"काही नाही म्हटलं."

लेक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. डाग गेला की नाही ते उजेडात धरून बघावं तसं. मग म्हणाली, "आणि ते काय म्हणाले?"

"वाळलेली फांदी म्हणाले."

"तुला?" लेकीला एकदम हसू फुटलं. त्या हसण्यानं दुखलं, तरी ती हसत राहिली. मावशीलाही हसू आलं, आणि हसता हसता ती पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. इतक्या वर्षांत दोघी एकत्र हसल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या.

जरा वेळानं लेक म्हणाली, "आई, प्रार्थना कर ना. माझ्यासाठी."

"करते की गं. रोज करते."

"तशी नाही. मोठ्यानं. मला ऐकू येईल अशी." आणि मग म्हणाली, "पण आधी दार लाव."

मावशी उठली. दार लावलं, खिडकीही लावली. परत येऊन लेकीचा हात हातात घेतला. तो हात नुसता हाडांचा झाला होता. एकेकाळी जिच्या तोंडून आभाळ खाली यायचं त्या बाईला सुरुवात सापडेना. जुनी वाक्यं आठवत होती, पण ती या खोलीत आणायची तिला लाज वाटली.

"प्रभू," ती म्हणाली, "ही माझी मुलगी. हिला फार दुखतंय." मग पुष्कळ वेळ थांबली. "मला भीती वाटते. हिचा हात सोडू नकोस. आमेन."

"आमेन," लेक म्हणाली.

देवानं तिला बरं केलं नाही. पुढच्या बुधवारच्या आत, एका सकाळी, मावशी दूध गरम करत असताना ती गेली.

दफनाला सगळं चर्च आलं. माणसं चांगली होती, हे मान्य करायला हवं. रडली, फुलं आणली, शवपेटीला खांदा दिला. आणि मग कबरस्तानाच्या फाटकापाशी ऑर्गनवाल्याची आई काठीवर रेलून म्हणाली, "एका शब्दानं सांगितलं असतंत तर आम्ही उपास केले असते हो! सगळ्यांनी मिळून मागितलं असतं तर वाचली असती पोर. स्वतःच्या लेकीसाठी तोंड उघडवलं नाही तुमच्याच्यानं?" आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. पाळकांनी जमिनीकडे पाहिलं, पण त्यांनाही तेच वाटत होतं.

"तिनंच नको म्हटलं होतं," एवढं एकच वाक्य. ते बोलली असती तर मावशी सुटली असती. पण ते वाक्यही लेकीचंच होतं. ते बाहेर पडलं असतं तर पुढच्या बुधवारी त्याचाही विषय झाला असता: का नको म्हणाली, मनात अढी होती का, मरताना विश्वास होता की नव्हता. मावशीनं गिळलं. आणि खरंच, त्या म्हणतात तसं असेल तर? मागितलं असतं तर वाचली असती तर? हा प्रश्न तिनं त्या फाटकापासून घरी नेला आणि तो तिच्या घरातून पुन्हा कधी गेला नाही.

त्यानंतर महिनाभरानं असेल, दुपारच्या सुस्त वेळी पाळकीणबाई लाँड्रीत आल्या. तरुण पाळकांची तरुण बायको. एरवी त्यांच्या तोंडावर सतत हसू असायचं. आज त्या काउंटरवर न थांबता सरळ आत मावशीच्या टेबलाशी आल्या. कागदात गुंडाळलेली चादर त्यांनी पुढे ठेवली.

"हे निघेल का?"

मावशीनं चादर उलगडली. रक्ताचा डाग, मोठा, आणि कडेनं तपकिरी होऊन कायमचा बसलेला. कुणीतरी घाईघाईनं गरम पाण्यानं धुतला होता. कसला डाग आहे ते मावशीला लगेच कळलं. तिनं चादर पुन्हा मिटली, डाग आत जाईल अशी.

"पूर्ण नाही निघायचा," ती म्हणाली. "फिका होईल."

पाळकीणबाई जाईनात. ओठ दाबून उभ्या. मग म्हणाल्या, "मावशी, ह्यांना अजून सांगितलेलं नाही मी. दिवस गेले होते तेही नव्हतं सांगितलं. आता सांगितलं तर ते... त्यांच्या मनात वाईट काही नसतं हो, पण ते बुधवारी..." पुढे त्यांना बोलवेना.

मावशीनं पायानं स्टूल पुढे ओढलं.

"बस," ती म्हणाली.

पाळकीणबाई बसल्या आणि चादरीवर डोकं टेकून रडल्या. मशिनं फिरत होती, वाफ येत होती, इस्त्रीवाल्या पोरींनी शहाण्यासारखी पाठ फिरवली होती. मावशीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

त्या बुधवारी खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडल्या होत्या. भिंतीवरच्या वेलीला आणखी नवी द्राक्षं लागली होती. मावशीच्या नावाचं नव्हतं. पाळकीणबाई समोरच्या खुर्चीत, फिकट चेहऱ्यानं, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"मावशी, काही विषय?" पाळकांनी विचारलं. हल्ली ते तिला विचारायचं म्हणूनच विचारायचे.

मावशीनं पाळकीणबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काही नाही," ती म्हणाली.

समोर पाळकीणबाईंनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. पाळक पुढच्या खुर्चीकडे वळले.